परका पुजारी

तीर्थयात्रेने पुण्य लाभते की नाही, ते मी सांगू शकणार नाही. पण यात्रेत कधी कधी आपलेच मन उघडे पडते, एवढे अनुभवाने सांगतो.

मे महिन्याच्या सुटीत काठमांडूला गेलो होतो. पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन नंदीपाशी थांबलो, तोच कन्नड शब्द कानी आले. तिथल्या पूजेचा मान परंपरेने दक्षिणेतील, मुख्यतः कर्नाटकातून गेलेल्या भट्टांचा. मी लगबगीने पुढे होऊन म्हणालो, "नावू निप्पाणियवरु." भट्टजी हसले. परमुलखात घरचे माणूस भेटावे, तसा आनंद झाला.

मुक्कामी परतल्यावर मात्र झोप येईना. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनाचे निवेदन एका कन्नड घरातल्या मुलाकडे दिले होते. त्याची मराठी स्वच्छ होती. कुणीतरी कुजबुजले, "आपली पोरे नव्हती काय?" मी नाव बदलले. मुलगा काही बोलला नाही.

२००८ च्या अखेरीस नेपाळ सरकारने पशुपतिनाथाला नेपाळी पुजारी नेमले. वाद न्यायालयात गेला आणि २००९ मध्ये पुन्हा कर्नाटकातले भट्ट नेमले गेले. 'आमच्या देवाला आमचा पुजारी का नको?' हा सवाल मला वेडगळ वाटत नाही. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपण मराठीत कागदपत्रे मागतो आहोत. ती मागणी न्याय्यच आहे. पण हक्क सरकारपाशी मागायचा असतो. मी तो एका पोराकडून वसूल केला होता. ज्ञानदेवांनी ज्या विठ्ठलाला कानडा म्हटले, त्याच्यापुढे हात जोडताना आपल्याला कधी अडचण वाटली नाही. माणसापुढेच ती का यावी?

काठमांडूला नाव मिळाले ते काष्ठमंडपावरून. तो ना राजवाडा, ना किल्ला. येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला बांधलेला लाकडी निवारा. २०१५ च्या भूकंपात तो कोसळला, पण लोकांनी पुन्हा उभारला. परक्यासाठी बांधलेल्या छपराचे नाव आपल्या गावाला मिळावे, याहून मोठी श्रीमंती कोणती?

त्या मुलाचा पत्ता मी मिळवला आहे. क्षमेचे पत्र कन्नडमध्ये लिहावे की मराठीत, यावर दोन दिवस अडलो. आता मराठीतच लिहिणार आहे. मराठी त्याचीही होती. ती त्याच्याकडून मी काढून घेतली होती.