न पिकलेल्या हळदीचा भाव

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात खरेदीदार ढिगातलं एखादं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि बोली लावतो. आमच्या नरसी नामदेवच्या कुठल्याही शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. भाव पडला की शिव्या निघतात, पण भाव कशाचा ते समोर दिसतं.

शेअर बाजारात मोडून बघायला फार थोडं असतं. बोली चालते ती बहुतेक अजून न पिकलेल्या मालावर.

याचं एक सोपं गणित आहे. समजा, कंपनी पुढच्या वर्षी शेअरमागे १० रुपये लाभांश देणार आहे, आणि तुम्हाला तुमच्या पैशावर वर्षाला १२ टक्के परतावा हवाय. लाभांश दरवर्षी २ टक्क्यांनी वाढत जाईल असं धरलं, तर १२ वजा २ म्हणजे १० टक्के. त्यानं दहा रुपयांना भागा. शेअरची किंमत आली १०० रुपये. वाढ ७ टक्के धरा, किंमत २००. १० टक्के धरा, ५००. कारखाना तोच, माणसं तीच, पुढच्या वर्षीचे दहा रुपयेही तेच. (१२ टक्के धरलीत तर शून्यानं भागावं लागतं आणि एक्सेल हात वर करतं.)

अंदाज चुकतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला छळतो तो प्रश्न वेगळा. शंभराचे पाचशे झाल्यावर जो शेअर विकून बाहेर पडला, त्यानं न झालेली वाढ रोखीत नेली. ती घडवायची कोणी?

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे याची दुसरी बाजू रोज बघतो. बाहेर जो वाढीचा अंदाज असतो, तो आमच्या टीमपर्यंत पोचेस्तोवर टार्गेट झालेला असतो. एखाद्या कंपनीचा नफा वाढलेला असतो, तरी शेअर पडतो. कारण अपेक्षेएवढा वाढला नाही. मग भरती थांबते, दोघांचं काम एकाच्या गळ्यात येतं. ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी या लोकांना कधी पाहिलेलंही नसतं. आणि आकडा ठरवणारे कोण? त्यात मीही आलो. दर महिन्याच्या पाच तारखेला माझी एसआयपी जाते, आणि मला १२ टक्के हवेच असतात.

अशा वेळी कुणीतरी अमळनेरचं उदाहरण देतंच. १९४५ साली तिथं वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि ते श्रीमंत झाले. धीर धरा, असा त्याचा अर्थ लावतात. पण १९६६ साली एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार बघायला आले, तेव्हा ती तूप-तेलाचीच कंपनी होती. १९७८ मध्ये आयबीएम भारत सोडून जाईल आणि संगणकाच्या धंद्यात जागा मोकळी होईल, हे कुठल्या टक्क्यात बसवणार होतात? त्याच गावात प्रताप मिल होती. १९५० सालच्या अमळनेरकराला निवड करायला सांगितली असती, तर त्यानं मिलवर पैसे लावले असते असं मला वाटतं. ती मिल बंद पडली. धीर तिथंही कुणीतरी धरला असेलच.

मला अमळनेरमध्ये रस आहे तो दुसऱ्याच कारणानं. ज्यांनी शेअरचे कागद ट्रंकेत ठेवून दिले, ते दर तिमाहीला कंपनीच्या मानेवर बसले नाहीत.

वरचं गणित उलटं करून बघा. १२ टक्के हवे असतील, तर २०० रुपयांचा शेअर परवडायला कंपनी दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढायला हवी. मी ९ टक्क्यांवर समाधान मानलं, तर तोच शेअर त्याच किमतीला ४ टक्के वाढीवर परवडतो. मधले तीन टक्के कुणाच्या तरी रविवारमधून येतात.

हे मी हॉस्टेलच्या जुन्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, मग घे की नऊ. मी मोबाइलवर हिशेबाची शीट उघडली. आईच्या म्हातारपणाच्या औषधपाण्याची तरतूद तिच्यात १२ धरून मांडलेली आहे. १२ खोडून ९ टाकले, खालची रक्कम बघितली, आणि परत १२ केले.