देह पाहणे आणि देहात गुंतणे

एका सप्ताहाच्या सांगतेला, पंगत उठल्यावर, एका वृद्ध टाळकरी बुवांनी मला शंका विचारली. ते म्हणाले, "अहो, माझा मुलगा शहरात नोकरीला असतो. कामाच्या काळजीने त्याची मान धरते, छातीत धडधडतं. डॉक्टरांनी तपासून रोग काही नाही म्हणून सांगितलं. आता तो कुठल्याशा वर्गाला जातो. तिथं जमिनीवर निजवतात, हात सावकाश उचलायला लावतात, आणि काय होतंय ते नुसतं पाहा म्हणतात. त्याला बरं वाटतं, हे खरं. पण आपण जन्मभर ऐकलं की देह नाशवंत, देहबुद्धी सोडावी. मग तासभर देहाकडेच पाहत बसायचं, याला काय म्हणावं?"

शंका प्रामाणिक होती. तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्या विषयावर वाचन घडले, थोडे स्वतः करून पाहिले, आणि आता सुचते ते वाचकांपुढे ठेवतो.

हलत्या देहाकडे लक्ष देऊन त्याला निवांत करण्याच्या ज्या पद्धती आज जगात शिकवल्या जातात, त्यांपैकी एकीचा उगम आपल्या कीर्तनकारांना जवळचा वाटावा असा आहे. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या गृहस्थाचा जन्म 1869 साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर झाला. लोकांपुढे उभे राहून काव्य आणि नाट्यप्रवेश म्हणून दाखवावयाचे, हा त्याचा धंदा. पण म्हणता म्हणता त्याचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यावयास सांगितले. त्याने ती दिली. कार्यक्रमाच्या आरंभी आवाज स्वच्छ निघाला, आणि निम्म्यावर येतो तो पुन्हा घोगरा! तेव्हा त्याने विचार केला: सुरुवातीला गळा चांगला होता, म्हणजे म्हणताना मीच काहीतरी असे करीत असलो पाहिजे की ज्याने तो बिघडतो. डॉक्टरांना हे पटले. पण 'ते काय' हे त्यांना सांगता येईना.

मग हा मनुष्य आरशापुढे उभा राहिला. तोंड उघडताच आपण डोके मागे ओढतो, कंठ खाली दाबतो आणि तोंडाने श्वास ओढून घेतो, असे त्याला दिसले. त्याने ठरवले की डोके मागे न्यावयाचे नाही, पुढे आणि वर ठेवावयाचे. तसे केले, आणि तसेच होत आहे अशी त्याची खात्रीही होती. शंका आली म्हणून त्याने बाजूला आणखी दोन आरसे लावले. पाहतो तो डोके पूर्वीसारखेच मागे!

वाचकहो, या गोष्टीचे मर्म इथे आहे. आपण काय करतो याची आपली जाणीवच सवयीने खोटी झालेली असते. वाकडे हे अंगवळणी पडले की तेच सरळ वाटू लागते. कीर्तनाला बसणाऱ्याला हे नवे नाही. टिपेचा सूर लावताना एखाद्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगतात, खांदे कानाला लागतात. श्रोत्यांना ते दिसते. गाणाऱ्याला मात्र वाटते, आपण मोकळे गातो आहोत.

अलेक्झांडरला मग आणखी एक गोष्ट कळली. 'आता म्हणावयाचे' हा विचार मनात येताक्षणीच मान आखडे. शब्द तर अजून निघालेलाही नसे. फळाकडे धाव घेतली की जुनी खोड तिच्यामागून आलीच. म्हणून त्याने एक उपाय केला. बोलण्याची इच्छा उठली की तिला लगेच वश व्हावयाचे नाही. क्षणभर थांबावयाचे. मान मोकळी राहू द्यावयाची. आणि मग बोलावे, न बोलावे, की नुसता हात उचलावा, हे नव्याने ठरवावयाचे. पुष्कळ काळ हा अभ्यास केल्यावर त्याचा आवाज सुधारला. 1904 साली तो लंडनला गेला आणि हीच विद्या शिकवू लागला. 1932 साली एका पुस्तकात त्याने हा सारा शोध लिहून ठेवला, आणि 1955 साली तो वारला.

यात चमत्कार काही नाही. आपल्या स्नायूंच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला, किती आखडला, याची बातमी ते मेंदूला पोचवीत राहतात. मानेच्या वरच्या टोकाचे जे लहान स्नायू, त्यांत हे संवेदक फार दाट असतात. अचानक दचकलो की आपली मान आखडते, खांदे वर चढतात, काळीज धडधडते. भय गेले की हे ओसरावयास हवे. पण ज्याला दिवसभर थोडे थोडे दचकतच राहावे लागते, त्याचे खांदे पुरते खाली येतच नाहीत. हालचाल सावकाश आणि अल्प श्रमाची केली, तर बारीक फरक कळू लागतो. गोंगाटात कुजबूज ऐकू येत नाही, तसेच जोर लावून केलेल्या हालचालीत सूक्ष्म ताण कळत नाही. आणि श्वास लांब, सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते, हे नाडीवर बोट ठेवून कोणीही पाहावे.

करून पाहावयाचे असेल त्याने इतकेच करावे. सतरंजीवर उताणे निजावे, डोक्याखाली दोन-तीन पुस्तके घ्यावीत, गुडघे वर करून पावले जमिनीला टेकवावीत. दहा-पंधरा मिनिटे तसेच पडून मान कुठे धरली आहे, जबडा कुठे आवळला आहे, हे पाहावे. पाहावे, सुधारावयाला धावू नये. मग एक हात उचलावा, आणि उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. फुकटचे काम आहे, बरं का! अवघड आहे ते थांबणे.

याचा उपयोग होतो काय? इंग्लंडात दीर्घकाळ पाठदुखी असलेल्या 579 रोग्यांवर पारख झाली. तिचा निष्कर्ष 2008 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांनी या पद्धतीचे 24 पाठ घेतले, त्यांचे दुखण्याचे दिवस वर्षाअखेरीस, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा, दर चार आठवड्यांत 18 ने कमी भरले. हे पाठदुखीपुरते झाले. सर्व रोगांवर हे औषध, असे कोणी म्हणू लागला तर त्याच्यापासून दूर राहावे. छातीत दुखले तर आधी डॉक्टर गाठावा.

आता मूळ शंका. देहबुद्धी म्हणजे 'हा देह तोच मी' अशी समजूत. जो पाहतो तो पाहिल्या वस्तूहून निराळा असतो, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. घडा पाहणारा घडा नव्हे. मग आपल्या आखडलेल्या मानेकडे शांतपणे पाहणारा मनुष्य देहात गुंतला म्हणावयाचा, की जो न पाहताच तिच्या ओढीने दिवसभर चिडतो, घरच्यांवर ओरडतो, तो? न पाहिलेला देहच आपल्याला अधिक बांधतो.

इतक्याने समाधान झाले असते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1910 साली याच अलेक्झांडरने जे पुस्तक काढले, त्यात तथाकथित रानटी मानववंश गोऱ्यांहून हीन, अशा अर्थाची मते आहेत. ज्याने आपल्या मानेची खोड तीन आरशांत पकडली, त्याला मनातली ही खोड दिसली नाही. तीही अंगवळणी पडलेली, म्हणून तीच सरळ वाटत होती! तेव्हा देहाची जाण आली की समदृष्टी आपोआप येते, असे मुळीच नाही. मानेला आरसा पुरतो. मनाला आरसा दुसरी माणसेच. ज्यांना आपण खालचे समजतो, ती तर आधी.

म्हणून बुवांना आज मी असे सांगेन. मुलाला वर्गाला जाऊ द्या. मात्र घरी आल्यावर तो कसा वागतो, ते पाहा. 'माझे शरीर, माझी शांती' करीत तो दार लावून बसू लागला, तर ते देहात गुंतणेच, त्याला नाव काही द्या. पण राग आला असता क्षणभर थांबावयाला तो शिकला, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकू लागला, तर त्या तासाभराचे सार्थक झाले.

आणि बुवा, टाळ धरताना आपलेही खांदे एकदा पाहा. पाहायला काय हरकत आहे?