सगळं सांगून झाल्यावर देव विचारतो



आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३ ते ७३.

सातशे श्लोकांची गीता संपत आली आहे. कर्म, ज्ञान, भक्ती सगळं सांगून झालंय. विश्वरूप दाखवून झालंय. आता भगवंतांनी नुसतं "ऊठ, धनुष्य घे" म्हटलं असतं, तरी अर्जुनाची काय बिशाद होती नाही म्हणायची? पण त्रेसष्टाव्या श्लोकात भगवंत सांगतात की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. बहात्तराव्यात तर ते चक्क विचारतात, मन लावून ऐकलंस ना? मोह गेला का तुझा?

जो अंतर्यामी आहे, त्याला विचारायची काय गरज? अर्जुनाच्या मनातलं त्याला दिसत होतंच. तरी विचारलं, कारण उत्तर अर्जुनाचं असायला हवं होतं. पुढच्याच श्लोकात अर्जुन स्वतःच्या तोंडाने सांगतो की संशय फिटला, आता तुझ्या सांगण्याप्रमाणे करीन. देवाने हा होकार गृहीत धरला असता, तर तो अर्जुनाचा होकार राहिलाच नसता.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. एआय सहाय्यकाला बाहेरची साधनं जोडण्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. जून २०२५ च्या आवृत्तीत तिच्यात 'एलिसिटेशन' ही सोय आली. म्हणजे काय, तर काम चालू असताना एखादी माहिती कमी पडली, तर साधनाने मध्येच थांबून माणसाला विचारायचं. समोर छोटा फॉर्म येतो. काही लिहा, आकडा भरा, हो-नाही सांगा किंवा पर्याय निवडा.

आपल्या कडेगाव भागातलंच उदाहरण घ्या. टेंभूचं पाणी आलं आणि शिवारात ऊस वाढला. आता कुणी सहाय्यकाला विचारलं, "उसाला कोणता डोस देऊ?" तर उत्तर एकच कसं असेल? जुलै-ऑगस्टची आडसाली लागण वेगळी, जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू ऊस वेगळा, खोडवा आणखी वेगळा. खताच्या दुकानातला जाणता माणूस पोत्याला हात लावायच्या आधी विचारतो, "लागण कधीची? का खोडवा हाय?" अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर ऐकायला हुशार वाटतं, पण नुकसान शेतकऱ्याचं होतं. विचारण्यात कमीपणा नाही. ज्याचं शेत आहे, त्याचा तो मान आहे.

या सोयीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे माणसाला तीन उत्तरं देता येतात. स्वीकार करता येतो, नकार देता येतो, किंवा काहीच न ठरवता खिडकी बंद करता येते. आणि ही तिन्ही उत्तरं साधनाला वेगवेगळी कळतात. शिवाय एक मर्यादाही आहे. पासवर्डसारखी गुप्त गोष्ट या फॉर्ममधून मागायची नाही. म्हणजे विचारणाऱ्यालाही धर्म आहे. उगाच पावलोपावली विचारलं, तर माणूस न वाचताच 'हो' दाबतो. मग विचारणं हा नुसता देखावा होतो.

आता यंत्र बाजूला ठेवू आणि घरात बघू. वडील थकले की मुलं आपापसात ठरवतात, "आता त्यांना पुण्याला न्यायचं, रान वाट्याने द्यायचं." सगळं ठरल्यावर वडिलांना सांगतात, "दादा, चालेल ना?" हा प्रश्न आहे का? नाही म्हटल्यावर ज्या घरात तोंडं फुगतात, त्या घरात कुणी काही विचारलेलंच नसतं. मुलीच्या स्थळाचं असंच, सुनेच्या नोकरीचं असंच. प्रेम असतं, काळजीही खरी असते. पण आपल्याला सगळं कळतं, या भरात आपण विचारायचं सोडून देतो. भगवंताला तर खरंच सगळं कळत होतं, आणि तरी त्याने सोडलं नाही.

आणखी एक बघा. "तुला वाटेल ते कर" म्हणून भगवंत तोंड फिरवत नाहीत. लगेच पुढच्या श्लोकात ते म्हणतात की तू मला फार प्रिय आहेस, म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा सांगतो. निर्णय त्याच्यावर सोडायचा, पण त्याला एकटं सोडायचं नाही. विचारणं म्हणजे जबाबदारी झटकणं नव्हे, हे इथे शिकायचं.

आजचा नेम : घरातल्या ज्या माणसाचं आपण परस्पर ठरवून टाकतो, त्याला आज एक खरा प्रश्न विचारायचा. विचारायच्या आधी मनाशी म्हणायचं, "हा नाही म्हणाला तरी माझं प्रेम तेवढंच राहील." आणि मग गप्प बसून उत्तर ऐकायचं.

हे पांडुरंगा, आम्हाला सांगण्याची घाई फार. विचारण्याचं धैर्य दे आणि ऐकण्याचा धीर दे.

राम कृष्ण हरी.