ताप उतरवून लढ (गीता ३.३०)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला तिसावा. भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझी सगळी कर्मं माझ्यावर सोपव, चित्त आत्म्याच्या ठिकाणी ठेव, निराशी हो, निर्मम हो, आणि ज्वर टाकून युद्ध कर. अटी बऱ्याच आहेत, पण आज्ञा एकच आहे: लढ.

यातले दोन शब्द मराठी माणसाला हमखास चकवतात. ‘निराशी’ म्हणजे निराश नव्हे. फळाची आशा ज्याने सोडली तो निराशी. आणि ‘निर्मम’ म्हणजे आपण ‘निर्ममपणे’ म्हणतो तसा दयामाया नसलेला नव्हे. ‘माझं, माझं’ हे ज्याचं सुटलं तो निर्मम. तिसरा शब्द विगतज्वर, म्हणजे ज्याचा ताप उतरलाय असा. इथे ज्वराचा अर्थ शंकराचार्य संताप, शोक असा देतात.

या श्लोकावर मी गेले तीन महिने राहतोय म्हटलं तरी चालेल. कारण आमच्या बिल्डिंगच्या बाथरूम गळतायत.

ताबा मिळून पावणेचार वर्षं झाली. एकाच उभ्या रांगेतल्या अकरा फ्लॅटना हा त्रास आहे. वरचा माणूस शॉवर घेतो आणि खालच्याच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. आमच्या बरोबर खाली एक काका-काकू राहतात. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला लागूनच पलीकडे देवघर आहे. तिथली ओल आता मूर्तींच्या मागपर्यंत पोचली आहे. काकूंनी देव हॉलमधल्या टीव्हीशेजारी हलवलेत. त्या कुणाला बोलल्या नाहीत, मला दिसलं म्हणून कळलं.

बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा लाद्यांच्या सांध्यांत नवा ग्राउट भरला आणि फोटो काढून काम पूर्ण झाल्याचं कळवलं. महिन्याभरात पुन्हा गळती. आता हे सिव्हिलवाल्याला विचारायचीही गरज नाही. सांध्यातला ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. थोडंफार पाणी लादीखाली जाणारच, हे धरूनच बाथरूम बांधायची असते. ते पाणी अडवणारा थर लादीच्या खाली स्लॅबवर असतो. तो भिंतीवर वर चढवायचा, कोपऱ्यात गोलाई द्यायची, नहाणी ट्रॅपच्या तोंडाशी नीट बंद करायचा, मग पाणी साठवून किमान चोवीस तास बघायचं आणि त्यानंतरच लादी बसवायची. खालचा थरच फुटका असेल तर वरून कितीही सांधे भरा, पाणी खाली साठत राहतं आणि सवडीने झिरपतं.

मग सोसायटीच्या ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. दोन गट पडले.

पहिला गट पेटलेला. ‘चोर आहेत’, ‘ऑफिसला कुलूप ठोकू’. एका रात्रीत दोनशेच्या वर मेसेज. सकाळी मी ते सगळे वाचले. कुणाच्या घरी कधीपासून गळतंय याची एकही तारीख त्यात नव्हती! आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन कळेल. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या बगचं आपण काय करतो?

दुसरा गट सात्त्विक. सत्संगातला माझा एक जवळचा मित्र त्यात आहे. तो म्हणाला, ‘सोडून दे रे, प्रारब्ध असतं. कोर्टकचेऱ्यांत मन कशाला मळवतोस?’ ऐकायला बरं वाटतं. मी त्याला म्हटलं, गळती माझ्या फरशीतून होते, पण पाणी माझ्या घरात पडत नाही, काकूंच्या घरात पडतं. मी बिल्डरला क्षमा केली तर तिची किंमत त्यांच्या देवघराने भरायची का? स्वतःच्या वाट्याचं सोडणं हा त्याग झाला. दुसऱ्याच्या वाट्याचं सोडायला मी कोण? अर्जुनही युद्ध सोडून भिक्षा मागायला तयार होता आणि त्याचे शब्द मोठे धार्मिक होते. भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही.

म्हणजे लढायचं. प्रश्न ज्वराचा आहे.

पहिला अध्याय उघडून अर्जुनाची लक्षणं बघा. तोंड कोरडं पडलंय, अंग कापतंय, त्वचेची आग होतेय, डोकं गरगरतंय. हा ताप नाहीतर काय? आणि त्याच तापात गांडीव हातातून निसटतंय. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आपल्याला वाटतं की तापलेला माणूस जोरात लढतो. इथे तापाने धनुष्यच गळून पडतंय. अर्जुनाचा ताप शोकाचा होता, आमच्या ग्रुपचा रागाचा. पण याच अध्यायात, फक्त सात श्लोक पुढे, काम आणि क्रोध हेच माणसाचे वैरी असं भगवंत सांगणारच आहेत.

आमच्याकडे धनुष्य कसं पडलं ते सांगतो. मीटिंगला बिल्डरकडून एक साइट इंजिनिअर आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, हातात वही. वीस माणसं एकदम त्याच्यावर तुटून पडली. त्याने वही उघडलीच नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, ‘सर, मला जॉइन होऊन आठ महिने झालेत.’ म्हणजे आमच्या बाथरूम बांधल्या गेल्या तेव्हा तो बहुधा कॉलेजात होता. ज्यांनी तो थर कच्चा सोडला ते त्या खोलीत नव्हतेच. निघताना त्याला पाणी विचारलं ते काकूंनी.

त्यानंतर आम्ही चार-पाच जणांनी एक तक्ता केला. फ्लॅट नंबर, गळती कुठे, पहिल्यांदा कधी दिसली, बिल्डरची माणसं कधी आली, काय करून गेली, फोटो. मग चाचणी. आधी एक दिवस बाथरूम न वापरता बघितलं, ओल वाढत नव्हती. म्हणजे दाबाची पाइपलाइन बहुधा ठीक होती. मग नहाणीचं तोंड बूच लावून बंद केलं, दोन इंच पाणी साठवलं, त्यात खाण्याचा लाल रंग घातला, पाण्याची पातळी पेन्सिलीने भिंतीवर आखली. काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर छतातून लाल थेंब बघून त्या घाबरल्या असत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब आला. लालच.

मग पत्र. ग्रुपवरचा मेसेज नाही, तारखेचं पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे: ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर ग्राहक भरपाई मागू शकतो. आमच्या हातात सव्वा वर्षच उरलंय, हे बऱ्याच जणांना पत्र लिहितानाच कळलं. तुमच्यापैकी कुणाचा ताबा नवा असेल तर तारीख आजच बघून ठेवा.

पत्राच्या मसुद्यात एकाने ‘फसवणूक’, ‘निर्लज्ज’ वगैरे घातलं होतं. ते काढलं. काढलं ते बिल्डरला वाईट वाटेल म्हणून नव्हे. दोष सिद्ध करता येतो, निर्लज्जपणा सिद्ध करता येत नाही. मागणी एवढीच ठेवली: लाद्या काढून स्लॅबपासून पुन्हा वॉटरप्रूफिंग, आमच्यासमोर पाणी साठवून चाचणी, आणि खालच्या घरांची छतं व भिंती पूर्ववत. आपल्याकडे कृष्णशिष्टाई म्हणतात ती आठवा. हस्तिनापुरात स्वतः भगवंत गेले आणि पांडव पाच गावांवर यायला तयार होते. मागणी इतकी नेमकी होती की दुर्योधनाने सुईच्या अग्राएवढीही जमीन नाकारली, तेव्हा कोण काय नाकारतंय हे साऱ्या सभेला दिसलं.

एवढं करूनही ‘निर्मम’ मला सर्वांत जड जातो. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, मग ‘माझं’ कसं सुटायचं? सध्या एवढं जमतंय की तक्त्यातल्या अकरा ओळी बघताना माझी ओळ सहावी आहे आणि काकूंची सातवी, हे लक्षात ठेवतो. आधी कुठली बाथरूम घ्यायची असं बिल्डरकडून विचारलं गेलं तेव्हा ज्यांच्या खालच्या घरात जास्त नुकसान आहे ती आधी, असं सर्वांनी ठरवलं. त्यात दोन फ्लॅट आमच्या आधी लागले.

आज पत्राचा एकोणिसावा दिवस. पहिली बाथरूम फोडली आहे. ट्रॅपभोवती थर नव्हताच, नुसती सिमेंटची मलई होती. तोच पोरगा आला होता. या वेळी त्याने वही उघडली आणि स्वतःहून लिहून घेतलं. नवा थर सुकला की शनिवारी पाणी साठवणार आहोत. उरलेल्या दहांचं वेळापत्रक अजून हातात आलेलं नाही. तिसाव्या दिवसापर्यंत आलं नाही तर महारेराकडे करायच्या तक्रारीचे कागद तयार आहेत.

उद्या श्लोक एकतिसावा. त्यात ‘अनसूयन्तः’ असा शब्द आहे, म्हणजे दोष न काढणारे. वॉटरप्रूफिंगच्या दिवसांत तो वाचायचा म्हणजे गंमतच आहे. बघू.

राम कृष्ण हरी.