लटका उपचार आणि खरा विश्वास

औषधाची परीक्षा घेताना त्याच रंगरूपाची औषधविरहित गोळी देता येते. घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही भेद कळत नाही. परंतु भीती वा चिंता दूर करणारे वर्तनोपचार संवादातून आणि सरावातून घडतात. त्यांची लटकी प्रत बनवायची तर असत्य उपचारकाच्याच मुखातून वदवावे लागते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन पॉल यांचा 1966 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. सभेत बोलण्यास घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटास त्यांनी औषध नसलेली कॅप्सूल दिली; ती शामक असल्याचे सांगितले. मग एक कंटाळवाणी ध्वनिफीत ऐकवली. हे काम मोठ्या ताणाचे आहे आणि त्यातून ताण सोसण्याची सवय लागेल, अशी बतावणी केली. हा गटही काही अंशी सुधारला. भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जाण्याचा उपचार घेतलेला गट मात्र अधिक सुधारला. ही तुलना नसती, तर गुण उपचाराचा की उपचारकावरील विश्वासाचा, हे कळलेच नसते.

पुढे 1972 मध्ये बोर्कोव्हेक आणि नाऊ यांनी दाखवले की असे लटके उपचार लोकांना खऱ्यांइतके पटतीलच असे नाही. न पटणाऱ्या उपचाराला हरवून खरा उपचार काय सिद्ध करणार? म्हणजे शास्त्र जितके काटेकोर, तितकी बतावणी बेमालूम!

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. कारण खरेच होते. तरीही ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हाच प्रश्न त्याला ऐकावा लागला. “या उपचाराने अनेकांना बरे वाटते” हे संशोधकाचे वाक्यही असेच शब्दशः खरे असू शकते. फिक्हमध्ये अशा द्व्यर्थी बोलण्यास तौरिया म्हणतात, आणि जिथे दुसऱ्याचा हक्क बुडतो तिथे त्यास मुभा नाही. आपल्या देहामनावर काय प्रयोग होतो आहे, हे जाणणे हा रुग्णाचा हक्क नव्हे काय?

मला मार्ग दिसतो तो असा : दोन उपचारांपैकी एक चिठ्ठीने मिळेल, त्यांतील एक केवळ तुलनेसाठी असू शकेल, हे आधीच सांगावे, प्रयोगानंतर सर्व उघड करून खरा उपचार सर्वांना द्यावा. तुलनेसाठी सहानुभूतीने ऐकून घेणे किंवा आजाराची माहिती देणे यांसारखे प्रामाणिक साहाय्यही योजता येते. त्यात खोटे सांगावेच लागत नाही. आपल्या घरातील कुणास अशा संशोधनात बोलावले, तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा : तुलनेच्या गटात गेल्यास खऱ्या उपचारासाठी किती काळ थांबावे लागेल, आणि मधल्या काळात त्रास वाढला तर जबाबदारी कोणाची?