राशीच्या तळाची ओल

अकोला-अमरावतीच्या बाजारात कापूस घेणारा ढिगात हात घालून ओल पाहतो. त्याला कोणी संशयी म्हणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. भिजणे हा गुन्हा नव्हता. ओले धान्य खाली दडवणे हा होता.

'सत्यम कॉम्प्युटर'च्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी कबूल केले की, हिशेबात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नाही. तेव्हा संगणक कंपन्यांचे शेअर पारखून घेणे हा दुर्विचार नव्हे. परंतु बुडत्या शेअरची खोटी वाहवा करून तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्याने स्वतःलाच विचारावे: माझ्या राशीच्या तळाशी अल्लाहला काय दिसत आहे?