त्यांनी आपल्यासाठी काय केले?



मागच्या महिन्यात वैद्यकीय मदतीसाठी आलेल्या अर्जांची यादी समितीपुढे वाचली जात होती. एका नावापाशी वाचन अडले. चार वर्षांपूर्वी बाहेरून येऊन आपल्या हद्दीत भाड्याने राहणारे ते कुटुंब. ‘ह्या लोकांनी आपल्या चर्चसाठी आजवर काय केले आहे?’ असा प्रश्न आला. विचारणारी व्यक्ती मनाने कोती नव्हे. सणाला मंडप घालायला आणि मैयतीला खांदा द्यायला तीच सर्वांच्या आधी हजर असते. म्हणून आम्हांला तो प्रश्न उडवून लावता आला नाही. खरे सांगायचे तर तो आमच्याही मनात होता.

नेमके त्याच आठवड्यात आम्ही ॲलिस सालोमन ह्या समाजसेविकेविषयी वाचत होतो. बर्लिन शहरात १८७२ साली एका सुखवस्तू ज्यू घराण्यात त्यांचा जन्म झाला. अशा घरातील मुलीने शाळा संपली की भरतकाम करावे आणि लग्नाची वाट पाहावी, अशी तेव्हाची रीत. एकविसाव्या वर्षी, १८९३ साली, त्या गोरगरिबांत काम करणाऱ्या मुलींच्या एका गटात स्वयंसेविका म्हणून दाखल झाल्या. तेथील विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. तरीही खास परवानगीने शिकून १९०६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता, स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी का मिळते. दोन वर्षांनी त्यांनी बर्लिनमध्ये समाजकार्य शिकवणारी मुलींची शाळा काढली. दुसऱ्याचे दुःख पाहून मन कळवळले एवढ्याने भागत नाही, कायदा, आरोग्य, अर्थशास्त्र हेही कळावे लागते, असा त्यांचा आग्रह. (आपल्या मुंबईत सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने असे शिक्षण सुरू व्हायला १९३६ साल उजाडले.)

सेवेकडे त्या उपकार म्हणून पाहत नसत. सुखात वाढलेल्या माणसाचे ते समाजाला देणे आहे, अशी त्यांची धारणा होती. हा विचार आपल्याला परका नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, आपल्या गरजेहून जे अधिक आहे ते निसर्गनियमानेच गरिबांचे ठरते. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले. गुणही बरे मिळाले. देणे म्हणजे नेमके काय, हे मात्र तेव्हा कळले नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर देशादेशांत बोलणे बंद झालेले असताना ह्या बाई प्रवास करीत राहिल्या. १९२९ साली समाजकार्याच्या शाळांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. साठाव्या वर्षी, १९३२ साली, बर्लिन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि सारी पदे गेली. १९१४ साली त्यांनी प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला होता, पण नव्या राज्यकर्त्यांना आजा-आजीचे रक्त पाहायचे होते. १९३७ साली गुप्त पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी बोलावले. परदेशच्या एवढ्या वाऱ्या कशासाठी केल्या, हे त्यांना जाणून घ्यायचे होते! पासष्टाव्या वर्षी बाईंना देश सोडावा लागला. त्या न्यूयॉर्कला गेल्या. १९३९ साली त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले, अमेरिकेचे मिळाले ते १९४४ साली.

ज्या देशात पूर्वी पाहुणी म्हणून भाषणे दिली, तेथेच आता निर्वासित म्हणून राहायचे. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, पण त्यांच्या हयातीत त्याला प्रकाशक मिळाला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. आज बर्लिनमधील ती संस्था त्यांचे नाव लावते.

हे वाचून आम्ही हळहळलो. आयुष्यभर जगाची सेवा केलेल्या बाईवर म्हातारपणी ही वेळ यावी! कोणालाही असेच वाटेल. पण पुस्तक मिटल्यावर ही हळहळच आम्हांला बोचू लागली. त्या काळी देशोधडीला लागलेले हजारो लोक बोटींतून उतरले. कोणी शिंपी, कोणी दुकानातला कारकून, कोणी दोन पोरांना घेऊन आलेली विधवा. त्यांच्या नावावर ना शाळा, ना मानद पदव्या. त्यांच्यासाठी आमचे डोळे का ओलावले नाहीत? बाईंना आसरा मिळावा तो त्यांच्या सेवेची परतफेड म्हणून, असे आम्ही मनातल्या मनात धरून चाललो होतो. म्हणजे शिंप्याला मिळाला तर तो उपकार. पन्नास वर्षे ज्या हिशेबाला त्यांनी नकार दिला, तोच हिशेब आम्ही त्यांच्या बाजूने मांडला होता.

आता कोणी म्हणेल, फादर, मग कृतज्ञतेला काही किंमतच नाही का? आहे. ज्या वृद्ध शिक्षिकेने आपल्या दोन पिढ्यांना कॅटेकिझम शिकवला तिच्या औषधपाण्याची काळजी आपण आधी घेतली, तर त्यात चूक काय? आम्हांला त्यात चूक दिसत नाही. पैसा थोडा आहे, निवड करावीच लागते, आणि आपल्या माणसाला विसरून परक्यामागे धावणे हाही एक प्रकारचा दिखाऊपणा असू शकतो. पण कृतज्ञतेने रांगेत कोणाला पुढे घेणे वेगळे, आणि तिचे नाव घेऊन कोणाला रांगेतच उभे न राहू देणे वेगळे. प्रभू येशूच्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाने पूर्वी काय केले होते, ह्याबद्दल एक शब्दही नाही. शोमरोनी माणसाने ते विचारलेही नाही.

शिवाय एक गोष्ट राहून जाते. त्या कुटुंबाने चर्चसाठी काय केले, असे विचारताना, चार वर्षांत आपण त्यांना काही करायला बोलावले होते का? आम्ही जुनी वही काढून पाहिली. घरभेटींत त्यांचे दार एकदाच वाजले आहे, तेही वर्गणीसाठी.

अर्ज अजून तसाच आहे. समिती येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पुन्हा बसणार आहे. त्याआधी, बहुधा गुरुवारी संध्याकाळी, आम्ही त्यांच्या घरी जाऊन येणार आहोत. प्रश्न विचारणाऱ्या आपल्या बंधूंनाही आम्ही सोबत यायची विनंती केली आहे, आणि ते हो म्हणाले आहेत.